कॉलेजातील पुस्तके कोणाच्या घरी जातात?

वसंतातील व्याख्याने आणि कॉलेजातील पुस्तकांची परतफेड ही दोन्ही एकाच हंगामात येतात. इकडे संध्याकाळी गावातील मंडळी ज्ञानाच्या चार गोष्टी ऐकावयास जमतात, आणि तिकडे त्याच दिवसांत सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयाबाहेर विद्यार्थ्यांची रांग लागलेली असते. ही रांग पुस्तके नेण्यासाठी नसते; परत करण्यासाठी असते. 'या विद्यार्थ्याकडे आमचे काही येणे नाही' असा ग्रंथालयाचा शिक्का कागदावर उमटल्याखेरीज दाखला मिळत नाही, अनामत रक्कम सुटत नाही, आणि कित्येक ठिकाणी परीक्षेचे प्रवेशपत्रही हाती पडत नाही. रांगेतल्या कित्येकांनी वर्षभरात एकही पुस्तक नेलेले नसते. त्यांनाही शिक्का लागतोच. घेतले नाही म्हणून देणे नाही, एवढे सिद्ध करण्यासाठी त्यांनी उन्हात उभे राहावयाचे!

'हल्लीची मुले वाचत नाहीत' ही तक्रार आपण सारेच करतो. मोबाईल आल्यापासून तिला धार चढली आहे. पण ती मोबाईलच्या पुष्कळ आधीची आहे, हे जुनी मासिके चाळणाऱ्यास सांगावयास नको. तक्रार सर्वस्वी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र तिचा सारा भार विद्यार्थ्याच्या माथी मारणे आम्हांस पटत नाही. पुस्तक घरी न जाण्यास त्याच्या आळसापेक्षा आपली पुस्तके देण्याची रीत अधिक कारण आहे, आणि त्याहून अधिक कारण आपली शिकवण्याची रीत आहे, असे आमचे मत झाले आहे. ते कशावरून, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम पुस्तक बाहेर जाते म्हणजे काय होते ते पाहू. ज्या खिडकीशी पुस्तके दिली-घेतली जातात तिला ग्रंथपाल देवघेव विभाग म्हणतात. जुन्या व्यवस्थेत प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या बाजूस कागदाचा एक खिसा चिकटवलेला असे व त्यात त्या पुस्तकाचे एक पत्र असे. विद्यार्थ्याने पुस्तक मागितले की ते पत्र काढून त्यावर त्याचा क्रमांक लिहावयाचा, पत्र त्या त्या तारखेच्या खणात उभे करून ठेवावयाचे, आणि पुस्तकाच्या शेवटी लावलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखेचा शिक्का मारावयाचा. ही तारखांची चिठ्ठी म्हणजे त्या पुस्तकाची कुंडलीच. अर्थशास्त्राच्या नेमलेल्या पुस्तकाची चिठ्ठी शिक्क्यांनी जांभळी होऊन तिच्यावर दुसरी, तिसरी चिठ्ठी डकवलेली दिसे. आणि शेजारच्या एखाद्या उत्तम प्रवासवर्णनाची चिठ्ठी दहा वर्षांनंतरही कोरी असे. आता बहुतेक ठिकाणी संगणक आले, पुस्तकांच्या पाठीवर रेघांचे लेबल आले, आणि चिठ्ठ्या कोऱ्याच राहू लागल्या. कुंडली यंत्राच्या पोटात गेली. ती मागितल्यास यंत्र क्षणात काढून देते; पण मागतो कोण?

वार्षिक अहवालात बहुधा एकच आकडा छापला जातो: वर्षभरात इतकी पुस्तके दिली. हा आकडा खरा असला तरी फसवा असतो. समजा, एका कॉलेजात २,००० विद्यार्थी आहेत आणि वर्षात १०,००० वेळा पुस्तके बाहेर गेली. दर विद्यार्थ्यामागे पाच पुस्तके पडली, हे वाचून पालक समाधान पावतील. परंतु ४०० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी पंचवीस पुस्तके नेली आणि बाकीच्या १,६०० जणांनी एकही नेले नाही, तरीही सरासरी पाचच येते. म्हणून एकूण देवघेवीपेक्षा अधिक बोलका प्रश्न असा, की वर्षात एकदाही पुस्तक न नेणारे विद्यार्थी किती? आणि त्याचाच जोडीदार प्रश्न असा, की वर्षात एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके किती?

या दुसऱ्या प्रश्नाचा अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाने मोठा कसून शोध घेतला. १९६९ साली तेथील ग्रंथालयात जी पुस्तके दाखल झाली, त्यांचा १९७५ अखेरपर्यंत माग काढला, आणि १९७९ साली अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे ४० टक्के पुस्तके त्या अवधीत एकदाही बाहेर गेली नव्हती. या आकड्याने तेव्हा मोठी खळबळ उडाली. त्याच विद्यापीठातील अध्यापकांनी अहवालावर टीकाही केली. आणि तीत तथ्य होते. कपाटापाशी उभ्याने चाळलेले पुस्तक कोणत्याच नोंदीत येत नाही, आणि संशोधनाच्या ग्रंथालयास पन्नास वर्षांनी येणाऱ्या एका वाचकासाठीही पुस्तक जपून ठेवावे लागते. पण ही सबब आपल्या तालुक्याच्या कॉलेजास कितपत लागू पडेल? तेथील पुस्तके आज शिकत असलेल्या मुलामुलींसाठी घेतलेली असतात. ती न वाचता जुनी झाली तर पुढच्या पिढीस त्यांचा उपयोग फारसा उरत नाही.

येथे कोणी म्हणेल, 'पण आमच्या कॉलेजचे ग्रंथालय तर सदा भरलेले असते!' हे बरोबर आहे, आणि म्हणूनच हा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे ग्रंथालयाची अभ्यासिका होऊन बसली आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले सकाळी येतात, दप्तरातून स्वतःची पुस्तके व नोट्स काढतात, पाण्याची बाटली टेबलावर ठेवून जागा धरतात, आणि रात्री दिवे मालवेपर्यंत बसतात. शेजारच्या कपाटात काय आहे याच्याशी त्यांचा संबंध येत नाही. त्यांना हवी असते ती खुर्ची, पंखा आणि शांतता. ही गरज खरी आहे आणि आम्ही तिला नावे ठेवणार नाही. ज्याच्या घरी एका खोलीत सहा माणसे राहतात त्याने अभ्यास कोठे करावा? परंतु खुर्च्या भरल्या म्हणजे पुस्तके वाचली गेली, असा हिशेब मात्र करू नये. कॉलेजांचे मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक' या संस्थेने २०१७ साली जी नवी चौकट घालून दिली, तीत ग्रंथालयाचा रोजचा वापर किती, हे विचारलेले होते आणि त्यासाठी दारावरची हजेरी पुरावा म्हणून चालत होती. तेव्हापासून दाराशी सही करण्याची वही किंवा यंत्र यांस पुष्कळ महत्त्व आले. जो आकडा वरून मागितला जातो तो खालून वाढतोच.

दारावरच्या हजेरीला किती वजन द्यावे, याविषयी इंग्लंडमधील हडर्सफील्ड येथे झालेले काम उपयोगी आहे. हडर्सफील्ड हे यॉर्कशायर परगण्यातील लोकरीच्या गिरण्यांचे जुने गाव. तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०११ साली आणखी सात विद्यापीठांना बरोबर घेऊन तेहतीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासली. प्रत्येकाने किती पुस्तके नेली, संगणकावरील नियतकालिके व ग्रंथ किती वेळा उघडले, ग्रंथालयाच्या दारातून किती वेळा आत आला, आणि शेवटी पदवी कोणत्या वर्गात मिळाली, अशी ती तपासणी होती. पुस्तके नेणे आणि पदवीचा वर्ग यांत संबंध दिसून आला; संगणकावरील साहित्याच्या वापरातही दिसला. दारातून किती वेळा आत आला याचा मात्र पदवीशी तसा संबंध आढळला नाही. संशोधकांनी स्वतःच एक इशारा देऊन ठेवला आहे, तो आपणही ध्यानात ठेवला पाहिजे: पुस्तके नेली म्हणून गुण वाढले, असे यावरून सिद्ध होत नाही. मुळातच जो होतकरू आहे तो पुस्तकेही नेतो आणि गुणही मिळवतो, असेही असू शकेल. तरी एवढे निश्चित, की नुसत्या बसण्याचे मोजमाप करून कॉलेजने स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये.

त्याच ग्रंथालयाने आणखी एक साधी गोष्ट केली होती. एखादे पुस्तक तालिकेत शोधले की 'हे ज्यांनी नेले त्यांनी हीही नेली' अशी दुसऱ्या पुस्तकांची नावे खाली दिसू लागली. दुकानदार ही युक्ती नेहमीच वापरतात. त्यानंतर बाहेर जाणाऱ्या निरनिराळ्या पुस्तकांची संख्या वाढल्याचे तेथील ग्रंथपालांनी नोंदवले आहे. म्हणजे विद्यार्थ्यास पुस्तक नको असते असे नाही. पुष्कळदा ते आहे हेच त्याला ठाऊक नसते.

आता आपल्या खिडकीशी परत येऊ. आपल्या बऱ्याच कॉलेजांत आजही विद्यार्थ्यास कपाटांपर्यंत जाता येत नाही. त्याने चिठ्ठीवर पुस्तकाचे व लेखकाचे नाव लिहून द्यावयाचे, शिपायाने आत जाऊन पाहावयाचे, आणि बहुधा तीनांपैकी एक उत्तर आणावयाचे: 'बाहेर गेले आहे', 'सापडत नाही' किंवा 'ते देत नाहीत'. ज्याला पुस्तकांची नावे आधीच ठाऊक आहेत त्याला ही पद्धत एक वेळ चालेल. पण ज्याच्या घरी कॉलेजची पायरी चढणारा तोच पहिला, ज्याच्या गावच्या शाळेत पुस्तकांचे एकच कपाट होते व तेही कुलपात, त्याने चिठ्ठीवर कोणते नाव लिहावे? नावे कळतात ती पुस्तके पाहून, हाताळून, पाठीमागचा मजकूर वाचून आणि अर्धी टाकून देऊन. भाजी घेतानासुद्धा आपण निवडून घेतो. पुस्तक मात्र न पाहता मागावे, अशी आपली अपेक्षा!

या बंदिस्तपणाचे मूळ जुने आहे. मध्ययुगात युरोपातील मठांत व विद्यापीठांत ग्रंथ लोखंडी साखळीने फळीला बांधलेले असत. हेरफर्ड येथील प्रार्थनामंदिरात तसे ग्रंथ अजून पाहावयास मिळतात. हाताने लिहिलेला एकेक ग्रंथ तयार होण्यास महिनेच्या महिने लागत, तेव्हा साखळी समजण्यासारखी होती. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाने १६४५ साली खुद्द पहिल्या चार्ल्स राजाला ग्रंथ घरी देण्यास नकार दिला. तेथे नियमच तसा होता, तो राजासाठीही बदलला नाही, आणि आजही ते ग्रंथालय पुस्तके घरी देत नाही. अशी संदर्भ-ग्रंथालये जगात असावयासच हवीत. पण त्यांचा रुबाब आपल्या कॉलेजांनी उसना आणण्याचे कारण नाही. हार्वर्डच्या सिब्ली नावाच्या ग्रंथपालाची एक आख्यायिका सांगतात. एकोणिसाव्या शतकातील हा गृहस्थ ग्रंथांची मोजदाद आटोपून मोठ्या प्रसन्न मुद्रेने चालला होता. कोणी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला म्हणे, की दोन वगळता सगळी पुस्तके जागेवर आली आहेत. ती दोन प्राध्यापक अगासींकडे आहेत, तीच आणावयास निघालो आहे. गोष्ट खरी असो वा रचलेली. तिला हसताना आपल्या ओळखीचा कोणीतरी डोळ्यांपुढे येतो खरा.

आपल्या देशात या साखळ्या तोडण्याचे मोठे काम डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी केले. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि प्रारंभी त्या निर्जन जागेला इतके कंटाळले की पुन्हा शिकवण्याकडे जाण्याची त्यांनी खटपट चालवली. विद्यापीठाने त्यांना इंग्लंडला धाडले. तेथील गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. कामगार, गृहिणी, मुले तेथे येऊन स्वतः कपाटांतून पुस्तके काढतात हे पाहिले. आणि परत आले ते जन्मभरासाठी ग्रंथपाल होऊन. मद्रासला त्यांनी कपाटे वाचकांस मोकळी केली. या पद्धतीला मराठीत मुक्तद्वार पद्धती म्हणतात. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील पाच सूत्रे ग्रंथपालनाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतात. पुस्तके वापरण्यासाठी आहेत, हे त्यांतले पहिले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा, आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, ही पुढली चार. सूत्रे इतकी साधी आहेत की त्यांसाठी ग्रंथ कशाला लिहावा लागला, असे वाटावे. परंतु परीक्षेत पहिले सूत्र लिहून उत्तीर्ण झालेला ग्रंथपाल नोकरीवर रुजू होताच कुलपांच्या किल्ल्या मोजून घेतो, याचे काय कारण?

कारण भीती हे आहे, आणि ती अगदीच अनाठायी नाही. एकेक पुस्तक दाखल-नोंदवहीत मालमत्ता म्हणून चढवलेले असते. ठरावीक काळाने मोजणी होते. पुस्तक कमी भरले तर जाब ग्रंथपालास द्यावा लागतो; पुस्तक कोणी वाचले नाही तर जाब कोणासच द्यावा लागत नाही. अशा स्थितीत शहाणा मनुष्य काय करील? तो कपाट बंद ठेवील. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केले असते. वास्तविक सरकारी नियम इतका कठोर नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत असे म्हटले आहे, की वर्षात वाचकांस दिलेल्या किंवा त्यांनी पाहिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे हे वाजवी समजावे; मात्र त्यात लबाडी किंवा हयगय नसावी, आणि हजार रुपयांहून अधिक किमतीचे अथवा दुर्मीळ पुस्तक गेल्यास चौकशी व्हावी. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, तरी त्यातला विचार सर्वांनी घेण्यासारखा आहे. हिशेब करून पाहा. ज्या ग्रंथालयाने वर्षात १०,००० पुस्तके दिली, त्याची पन्नास गेली तरी तो वापराचा खर्च. ज्याने १०० च दिली, त्याला एका पुस्तकाचीदेखील सूट नाही. नियम करणाऱ्यांनी जाणून केले की नकळत, हे आम्ही सांगू शकत नाही. पण देणाऱ्यालाच सवलत आहे, राखणाऱ्याला नाही. खेदाची गोष्ट ही, की हा नियम संस्थाचालकांस व हिशेबतपासनिसांस क्वचितच कोणी वाचून दाखवतो.

पैशाचीही एक बाजू आहे. आपल्या गावोगावची नगर वाचनालये जुनी आहेत. रत्नागिरीचे १८२८ सालचे, पुण्याचे १८४८ सालचे. तेथे सभासद वर्गणी भरतो आणि मनासारखे पुस्तक मिळाले नाही तर पुढच्या महिन्यात वर्गणी बंद करतो. त्यामुळे नवी कादंबरी कोणती आली, हे तेथील ग्रंथपालास ठेवावेच लागते ध्यानात. कॉलेजात ग्रंथालयाचे शुल्क प्रवेशाच्या दिवशीच कापून घेतात. मग विद्यार्थी पन्नास पुस्तके नेवो की शून्य, ग्रंथालयाच्या उत्पन्नात फरक पडत नाही. उलट न नेणारा विद्यार्थी कमी त्रासाचा. खर्च किती करावा हे सांगणाऱ्या समित्या पुष्कळ झाल्या. राधाकृष्णन आयोगाने १९४९ साली विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाच्या ६.२५ टक्के किंवा दर विद्यार्थ्यामागे ४० रुपये ग्रंथालयावर खर्चावे असे सुचवले. १९५७ साली नेमलेल्या रंगनाथन समितीने दर विद्यार्थ्यामागे १५ रुपये व दर शिक्षकामागे २०० रुपये असा हिशेब दिला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ते २५ व ३०० केले. त्या काळच्या रुपयाची किंमत मनात धरून आजचा हिशेब ज्याचा त्याने मांडावा. पण पैसा वाढला तरी कुलूप कायम राहिले, तर कपाटे तेवढी वाढतील.

तथापि कपाटे उघडली, पैसा दिला, तरी पुस्तके आपोआप घरी जाऊ लागतील असे मानणे भाबडेपणाचे होईल. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे प्रमुख हार्वी ब्रॅन्सकॉम यांनी अनेक कॉलेजांच्या ग्रंथालयांची पाहणी करून १९४० साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. तेथे इमारती देखण्या होत्या, पुस्तके विपुल होती, कपाटे पुष्कळ ठिकाणी मोकळी होती. तरी सर्वसाधारण संग्रहातून सरासरी विद्यार्थी महिन्याला जेमतेम एक पुस्तक नेत होता. ब्रॅन्सकॉम यांनी काढलेला निष्कर्ष आम्हांस मर्माचा वाटतो. विद्यार्थी ग्रंथालयात जात नाही, कारण वर्गात जे शिकवले जाते त्यासाठी तेथे जाण्याची गरजच पडत नाही. प्राध्यापकाचे व्याख्यान, एक नेमलेले पुस्तक आणि परीक्षा, एवढ्यावर काम भागत असेल तर शहाणा विद्यार्थी आणखी खटाटोप का करील?

आपल्याकडे हेच दुप्पट खरे आहे. आपल्या कॉलेजांत शिकवणारा एक, अभ्यासक्रम ठरवणारे दुसरे, आणि प्रश्नपत्रिका काढणारा पुष्कळदा तिसराच. विद्यार्थ्याने चार ग्रंथ वाचून स्वतंत्र उत्तर लिहिले, तर तपासणाऱ्याच्या हातातील ठरीव मुद्द्यांशी ते जुळेलच असे नाही. बाजारात 'गाइड' मिळते, 'अपेक्षित प्रश्नसंच' मिळतो. त्यांत जे आहे त्यावर उत्तीर्ण होता येते हे त्याने आपल्या पुढच्या वर्गातील मुलांकडून ऐकलेले असते, आणि ते खरे असते. शिवाय आता सहामाही सत्रे आली. सत्राचे शिकवण्याचे दिवस मोजके. नव्या विषयाची पुस्तके प्राध्यापकाने सुचवावयाची, दुकानदाराकडून दरपत्रके मागवावयाची, समितीने मंजुरी द्यावयाची, पुस्तके आल्यावर दाखल करून, वर्गीकरण करून, लेबले लावून कपाटात जावयाची. तोपर्यंत सत्र संपून परीक्षा आलेली असते. पुढच्या वर्षी तो विषय असेलच याचीही खात्री नसते.

यावर उपाय काही ठिकाणी झाले आहेत. अमेरिकेतील इंडियाना राज्यात अर्लहॅम नावाचे एक लहान कॉलेज आहे. इव्हान फार्बर हे १९६२ पासून तेथे तीस वर्षांहून अधिक काळ ग्रंथपाल होते. त्यांनी प्राध्यापकांशी स्नेह जोडून एक रीत पाडली. प्राध्यापकाने वर्गास निबंधाचा विषय दिला की त्याच आठवड्यात ग्रंथपालाने त्या वर्गात जावयाचे, त्याच विषयावरील ग्रंथांची व लेखांची टिपणांसह यादी मुलांच्या हाती द्यावयाची, आणि माहिती कशी शोधत जावयाची हे त्याच विषयाच्या उदाहरणाने दाखवावयाचे. ग्रंथालयाचा वापर कसा करावा, यावर जूनमध्ये एक सर्वसाधारण भाषण ठोकून मोकळे व्हावयाचे, असे नाही. भूक लागली त्या वेळी ताट पुढे केले, एवढेच त्याचे रहस्य. अमेरिकेतच मिसूरी राज्यात स्टीफन्स नावाचे मुलींचे कॉलेज आहे. तेथे १९३१ साली लामार जॉन्सन यांच्याकडे ग्रंथपाल आणि अध्यापनाचे अधिष्ठाता ही दोन्ही पदे एकत्र दिली गेली, आणि पुस्तके मुलींच्या वसतिगृहांत नेऊन ठेवण्यात आली. यात परदेशाचे फार कौतुक करावयास नको. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले, आणि तेथे पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या, ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. वाचक येत नाही तर पुस्तकाने जावे, हा विचार आपल्या घरचाच आहे.

आणि कधी कधी पेटीही लागत नाही. एक मनुष्य पुरतो. परळच्या चाळीतील एका खोलीत राहणारा शाळकरी भीमराव आंबेडकर वाचावयास चर्नी रोडच्या बागेत जाऊन बसत असे. विल्सन हायस्कुलातील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांची नजर त्याच्यावर गेली. ते त्याला पुस्तके देऊ लागले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांनी त्याला भेट दिले, आणि पुढे सयाजीरावांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. केळूसकरांनी त्या मुलाची चिठ्ठी मागितली नाही. कोणते पुस्तक कोणाच्या हाती द्यावे हे त्यांना उमगले होते. असा शिक्षक किंवा ग्रंथपाल ज्या कॉलेजास लाभतो तेथील देवघेव निराळी असते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगणे नको.

नव्या साधनांविषयी दोन शब्द सांगून हे आवरतो. २०१० पासून 'एन-लिस्ट' या योजनेने आपल्या कॉलेजांना संगणकावरून हजारो नियतकालिके व त्याहून कितीतरी अधिक पुस्तके अल्प वर्गणीत मिळू लागली. येथे कुलूप नाही, गहाळ होणे नाही, मोजणी नाही. तरी विद्यार्थ्याने नाव नोंदवून सांकेतिक शब्द घ्यावा लागतो, आणि तो घ्यावयाचा असतो हेच पुष्कळांना कोणी सांगितलेले नसते. शिवाय हे बहुतेक साहित्य इंग्रजीत. मराठीतून शिकून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलापुढे इंग्रजी पुस्तकांचा डोंगर उभा करणे आणि त्याला चार चांगली मराठी पुस्तके हाती देणे, यांत दुसरे काम लहान दिसते, पण आधी करण्याचे तेच आहे.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले, नातवंडे गावातल्या कॉलेजात जातात. काही जण तेथील नियामक मंडळांवर आहेत, काही माजी विद्यार्थी म्हणून संमेलनास जातात. तेथे इमारतीचे कौतुक झाल्यावर ग्रंथपालांस विचारावे, की गेल्या वर्षी एकही पुस्तक न नेलेले विद्यार्थी किती? मुलांना कपाटापर्यंत जाता येते काय? प्राध्यापकांनी यंदा कोणत्या वर्गास असे काम दिले, की जे एका पुस्तकावर होत नाही? ग्रंथपालावर दोष ठेवण्याच्या सुरात मात्र हे विचारू नये. बहुधा तो एकटा असतो, हाताखाली एक शिपाई असतो, आणि आजवर असे काही त्याला कोणी विचारलेलेच नसते.

आणखी एक गोष्ट मागावी. मे महिन्यात मुलांना वेळ असतो आणि नेमकी तेव्हाच सगळी पुस्तके कपाटात असतात. जे विद्यार्थी पुढच्या वर्गात जाणार आहेत त्यांना सुट्टीसाठी प्रत्येकी पाच-सहा पुस्तके, त्यांच्या आवडीची, परीक्षेची नव्हेत, घरी न्यावयास द्यावी. जूनमध्ये ती परत येतील. एखादे पावसात भिजेल, एखादे मामाच्या गावी राहील. हजारी पाच धरलेली आहेतच.